यानिसला द्यायचं का? शेत आपलं आणि पीक पोर्टलंडचं, अडचण तिथे आहे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. समजा एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, सॅन अँटोनिओ स्पर्सनी स्टेफन कॅसल, डेव्हिन व्हॅसेल, केल्डन जॉन्सन आणि वर चार फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत खेळाडू घ्यायचा हक्क) दिले, तर मिलवॉकी बक्सनी आपला स्टार यानिस अँटेटोकुम्पोला सोडावं का, आणि सोडायचंच असेल तर आत्ता की फेब्रुवारीच्या डेडलाइनला, म्हणजे ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) शेवटच्या तारखेला. तुम्ही तीन जणांचे पगारही जुळवून दाखवलेत, २७ अधिक साडेसतरा अधिक साडेनऊ, म्हणजे यानिसच्या ५४ मिलियन डॉलरला जवळपास बरोब्बर. एवढा अभ्यास करून प्रश्न विचारणारे कमीच, त्यामुळे उत्तर जरा लांब देतो, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मूळचा नागपूरचा, सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेल्यांपैकी, आता बरीच वर्षं मिलवॉकीत आहे. पोटापाण्याचं काम लांब मुदतीच्या करारांची किंमत काढायचं, म्हणजे आज हातात येणारे पैसे आणि सात वर्षांनी येतील असं कुणीतरी म्हणतंय ते पैसे यांची तुलना. आणि संध्याकाळचं बिनपगारी काम म्हणजे आमची तीस जणांची मॉक लीग, एकेकाने एकेक टीम सांभाळायची, करार खरे, कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) खरा, नियम खरे, बारा वर्षं झाली. ट्रेड तपासून मंजूर करायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे स्टार विकायचे प्रस्ताव किती वाचले त्याची मोजदाद नाही, आणि स्वतः एकदा चांगलंच तोंड पोळून घेतलंय, ते पुढे सांगतो. आणि हो, हे सगळं सप्टेंबर २०२५ चं आहे, ट्रेनिंग कॅम्प अजून सुरू व्हायचाय, नंतर काही वेगळं घडलं तर मला ऐकवायला येऊ नका.

आता मुद्दा. तुम्ही विचारताय की माल पुरेसा आहे का. मी कुठलाही असा प्रस्ताव आला की समोरच्याचा माल बघायच्या आधी विकणाऱ्याचीच वही उघडतो आणि एकच गोष्ट शोधतो, त्याचे स्वतःचे पुढचे पाच वर्षांचे फर्स्ट राउंड पिक कुठे आहेत. कारण स्टार विकला की टीम हरणार हे धरूनच चालायचं, आणि हरण्याची जी काही भरपाई एनबीए देते ती ड्राफ्टमधून देते. तळाच्या तीन टीमना ड्राफ्टच्या लॉटरीत पहिल्या नंबरच्या पिकची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. म्हणजे स्टार विकताना तुम्ही दोन ठिकाणांहून पैसे घेत असता, एक समोरच्या टीमकडून आणि दुसरं स्वतःच्या हरण्यातून. दुसरा रस्ता बंद असेल तर पहिल्याकडून दुप्पट वसूल करायला पाहिजे, साधा हिशोब.

मग बक्सची वही काय सांगते? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ज्रू हॉलिडेला आणताना न्यू ऑर्लिन्सला २०२५ आणि २०२७ चे पिक दिले, २०२४ आणि २०२६ चे स्वॅप दिले. स्वॅप म्हणजे दोघांपैकी ज्याचा पिक चांगला तो त्यांनी घ्यायचा आणि उरलेला आपण. (२०२६ चा तो हक्क न्यू ऑर्लिन्सने यंदा ड्राफ्टच्या रात्री अटलांटाला देऊन टाकला, १३ व्या नंबरवर उडी मारायला, त्यावरून त्यांना लोकांनी किती शिव्या घातल्या तो वेगळा विषय.) मग सप्टेंबर २०२३ मध्ये डेमियन लिलार्डला आणताना पोर्टलंडला २०२९ चा पिक आणि २०२८, २०३० चे स्वॅप. लावा हिशोब: २०२६ मध्ये वाईट तेवढं आपलं, २०२७ गेला, २०२८ मध्ये परत वाईट तेवढं आपलं, २०२९ गेला, २०३० तसंच. पूर्णपणे आपल्या हातात असलेला पहिला पिक २०३१ चा. शेत आपण नांगरायचं आणि पीक पोर्टलंडने कापायचं, अशी ही परिस्थिती आहे.

हॉलिडेच्या ट्रेडबद्दल माझी तक्रार नाही, २०२१ ला चॅम्पियनशिप आली, सहाव्या मॅचला यानिसने ५० पॉइंट मारले, त्या रात्री मी रस्त्यावर अनोळखी लोकांच्या गळ्यात पडत होतो. उधारी काढून लग्न थाटात झालं तर ते ठीकच आहे. पण उधारी आहे हे विसरून पुढचा व्यवहार करायचा नाही.

आता लोक हमखास ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण देतात, तुम्हीही दिलंय. पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला, शे गिल्जस-अलेक्झांडर आला, पाच फर्स्ट राउंड पिक आले, दोन स्वॅप, गॅलिनारी, आणि सहा वर्षांत चॅम्पियन, शे एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). सगळं खरं. पण दोन गोष्टी त्यात लोक बघत नाहीत. एक, तो ट्रेड झाला जुलै २०१९ ला तेव्हा शे वीस वर्षांचा होता, पहिल्या सीझनला १०.८ पॉइंट करणारा, म्हणजे त्यांनी पिकची थप्पी घेतली म्हणून जिंकले नाहीत, एक पोरगा नाव घेऊन मागितला आणि तो निघाला सोनं. क्लिपर्सच्या पिकमधून २०२२ ला १२ व्या नंबरवर जेलन विल्यम्स आला, तेही आहेच. पण दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची, मधली दोन वर्षं ते २२ आणि २४ मॅच जिंकले, म्हणजे मनसोक्त हरले, आणि त्या हरण्यातून २०२२ चा दुसऱ्या नंबरचा पिक, चेट होल्मग्रेन, त्यांच्याच घरी आला. कारण पिक त्यांचाच होता! मिलवॉकीने तेच केलं तर तो चेट पोर्टलंडला किंवा आणखी कुठे तरी जाईल.

याच्या उलटं बघायचं तर ब्रुकलिन. २०१३ ला गार्नेट आणि पिअर्ससाठी बॉस्टनला तीन पिक आणि एक स्वॅप दिला, गार्नेट तेव्हा ३७ चा, पिअर्स ३५ चा. म्हातारे थकले, टीम कोसळली, २०१६-१७ ला २० विजय, लीगमध्ये शेवटून पहिले, आणि पहिल्या नंबरचा पिक गेला बॉस्टनला. बॉस्टनने दोन नंबर खाली सरकून जेसन टेटम घेतला, आदल्या वर्षीच्या ब्रुकलिनच्या पिकवर जेलन ब्राउन आलेलाच होता, २०२४ ला ते दोघे चॅम्पियन. आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, जो फारसा कुणी सांगत नाही: तेच ब्रुकलिन जून २०२४ मध्ये शहाणं झालं. मिकल ब्रिजेसला निक्सकडे पाच फर्स्टला विकायचं ठरलं त्याच वेळी त्यांनी ह्यूस्टनशी दुसरा व्यवहार केला, फिनिक्सचे पिक ह्यूस्टनला दिले आणि स्वतःचे २०२५ आणि २०२६ परत घेतले. आधी सातबारा आपल्या नावावर करून घेतला आणि मगच घर विकलं. मिलवॉकीला कुणी शिकवायचं असेल तर ओक्लाहोमाची नाही, ही गोष्ट शिकवा.

बरं, आता तुमच्या मालाकडे येऊ.

चार पिक ऐकायला भारी वाटतात. पण पिक कुणाचे? सॅन अँटोनिओचे. म्हणजे वेम्बान्यामा (त्यांचा तरुण सुपरस्टार) आणि यानिस एका टीममध्ये असलेल्या सॅन अँटोनिओचे! पहिली तीन-चार वर्षं ते पिक २५ ते ३० नंबरच्या घरात येणार असं धरा. यानिस स्वतः ड्राफ्टमध्ये १५ वा होता, डेन्व्हरचा स्टार योकिच ४१ वा, हे मला माहितीय, पण लॉटरीचं तिकीट लागलेल्या माणसाकडे बघून घराचा हप्ता ठरवत नाहीत. ज्याला आपण बळकट करतोय त्याच्याच नजीकच्या भविष्याची कागदं घेणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक. ब्रुकलिनचे पिक सोन्याचे निघाले ते घेतलेले खेळाडू म्हातारे होते म्हणून. यानिस डिसेंबरमध्ये ३१ चा होईल, अजून चार वर्षं तरी तो माणूस लोकांना अंगावर घेऊन डंक मारत राहील असं मला वाटतं, त्यामुळे पिक घ्यायचेच तर लांबचे, २०३१, २०३२, अनप्रोटेक्टेड, म्हणजे कितीही वरचा नंबर निघाला तरी आपल्याकडेच येणारे. आणि स्पर्सच्या कपाटात एक वेगळी चीज आहे जी तुमच्या यादीत नाहीच, अटलांटाचा २०२७ चा अनप्रोटेक्टेड पिक, २०२२ च्या डिजॉन्टे मरे ट्रेडमधला. तो एकटा मी स्पर्सच्या स्वतःच्या जवळच्या तीन पिकांपेक्षा वर ठेवीन, कारण त्याचं नशीब यानिसच्या तब्येतीला बांधलेलं नाही.

मग व्हॅसेल आणि केल्डन. दोघंही चांगले खेळाडू, दोघंही खरं तर पगार जुळवायला आलेत. आपल्याकडे चार पावल्यांचा एक रुपया होतो, बास्केटबॉलमध्ये होत नाही, कारण कोर्टवर पाचच जण असतात आणि यानिस त्यातली एक जागा अडवून ३० पॉइंट, १२ रिबाउंड, साडेसहा असिस्ट देतो. गेल्या सीझनचेच आकडे आहेत हे. एका जागेतून एवढं निघालं की उरलेल्या चार जागा तुम्ही दुसऱ्या कामाला लावू शकता.

आणि हे मी थिअरीतून सांगत नाहीये, याच गावात एकदा झालंय. १९७५ ला करीम अब्दुल-जब्बारला लेकर्सकडे पाठवलं, त्याला इथे राहायचं नव्हतं, आणि बदल्यात एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मेयर्स आणि ज्युनियर ब्रिजमन आले. आता गंमत म्हणजे तो ट्रेड काही वाईट नव्हता! विंटर्स आणि ब्रिजमन दोघांचेही जर्सी नंबर इथे निवृत्त केलेत, ब्रिजमन नंतर प्रचंड श्रीमंत झाला, गेल्या वर्षी बक्समध्ये हिस्साही घेतला, यंदा मार्चमध्ये गेला बिचारा. कोच डॉन नेल्सनच्या काळात १९८० पासून ओळीने सात डिव्हिजन टायटल आली. आणि फायनल? एकदाही नाही. तिकडे करीमने लेकर्सना पाच चॅम्पियनशिप दिल्या. १९७१ नंतर इथे पुढची ट्रॉफी यायला ५० वर्षं लागली आणि ती आणायला पुन्हा एक एकमेवच माणूस लागला. चार चांगले खेळाडू म्हणजे काय मिळतं त्याचं उत्तर या शहराला माहितीय: बऱ्यापैकी जेवण, पण पंगत नेहमी दुसऱ्याच्या दारात.

कॅसल मात्र खरा. रूकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंत सर्वोत्तम), बचाव करतो, अजून शॉट बसायचाय. शे निघेल का? तसं म्हणणारा मी कोण. पण तुमच्या प्रस्तावात 'नाव घेऊन मागितलेला पोरगा' हाच एक आहे आणि मला तिथे दोन पाहिजेत, म्हणजे डिलन हार्पर सुद्धा, यंदाचा दुसऱ्या नंबरचा पिक. स्पर्स नाही म्हणतील. म्हणू देत. त्यांच्याकडे वेम्बान्यामा एकवीस वर्षांचा आहे, त्यांना घाई नाही, आणि घाई नसलेला ग्राहक भाव देत नाही हेही तितकंच खरं. क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी तिजोरी उघडली कारण जॉर्ज आला तरच दुसरा स्टार कवाय लेनर्ड येणार होता, ते एकाच्या नाही, दोघांच्या किमतीचा चेक फाडत होते.

आता माझी चूक. आमच्या लीगमध्ये २०१८ ला मी न्यू ऑर्लिन्स सांभाळत होतो आणि अँथनी डेव्हिसला विकला, नऊ वस्तू घेतल्या, पाच खेळाडू आणि चार पिक, लीगमध्ये सगळ्यांनी वाहवा केली आणि मी पण आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. दोन वर्षांत नऊपैकी सहा वस्तू शून्य. कशा? रोस्टर, म्हणजे टीमची यादी, पंधराचा असतो. एक देऊन पाच घेतले की त्याच दिवशी चार जणांना घरी पाठवावं लागतं, पुढच्या वर्षी पिक येतात त्यांना जागा नाही, मग एकाला दुसऱ्या राउंडच्या पिकवर फुंकून टाकायचा, एकाचा करार संपतो आणि तो निघून जातो. ऑफिसात हेच काम करून पगार घेणाऱ्या माणसाला वस्तूंची संख्या म्हणजे किंमत नाही हे उमगायला दोन वर्षं लागली, बायको अजून चिडवते. तेव्हापासून माझा नियम, प्रस्ताव आला की त्यातल्या फक्त पहिल्या दोन वस्तू बघायच्या, बाकीचं हाताने झाकायचं, आणि त्या दोनवर मन होत नसेल तर खालची यादी वाचायचीच नाही. तुमच्या यादीत खालचं झाकलं तर कॅसल आणि एक लांबचा पिक उरतो. मी नाही म्हणतो.

हां, पण न विकण्याचीही किंमत आहे, ती लपवत नाही. तीन वर्षं ओळीने पहिल्या फेरीत बाहेर, २०२३ ला मायामीकडून, पुढची दोन्ही वर्षं इंडियानाकडून. एप्रिलमध्ये लिलार्डचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला, मग त्याला सोडून त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांत पसरवले, म्हणजे २०२९-३० पर्यंत दरवर्षी साडेबावीस मिलियन अशा माणसाला जातायत जो परत पोर्टलंडमध्ये खेळणार आहे. त्या खटाटोपातून माइल्स टर्नर आला. तो चांगलाय, पण यावरून टीम कुठल्या टोकाला आलीय ते कळतं. टर्नर हा शेवटचा मोठा पत्ता होता.

आणि सगळ्यात मोठा 'अवलंबून आहे' म्हणजे यानिस स्वतः. त्याचा करार २०२६-२७ पर्यंत पक्का, २०२७-२८ चा पर्याय त्याच्या हातात. म्हणजे आज घेणाऱ्याला दोन सीझन नक्की मिळतात, पुढच्या उन्हाळ्यात एकच. दर महिन्याला बर्फाची लादी थोडी वितळतेय. तो म्हणाला की मला जायचंय, तर माझं वरचं अर्धं उत्तर बदलतं, कारण मग ग्राहक कोण हे तोच ठरवतो, जिथे तो पुढे सही करणार नाही तिथून कुणी पूर्ण भाव देणार नाही. तो राहतो म्हणाला तर विकायचा विचार पण करायचा नाही, साफ सांगतो. हे भावनेतून म्हणत नाहीये, किंवा थोडं असेलही. ५५० मिलियनला २०१४ साली घेतलेल्या टीमचा भाव २०२३ च्या हिस्सा-विक्रीत साडेतीन बिलियन धरला गेला, आणि नवं स्टेडियम उभं राहिलं त्यात २५० मिलियन जनतेचे आहेत. हे सगळं एका ग्रीक पोराच्या खांद्यावर उभं राहिलंय हे इथे भाजीच्या दुकानातल्या माणसालाही माहितीय.

मग आत्ता की फेब्रुवारी? आत्ता नाही. कॅम्पच्या तोंडावर सगळ्यांना आपली टीम चॅम्पियन वाटत असते, कुणी कपाट उघडत नाही. १५ डिसेंबरनंतर या उन्हाळ्यात सही केलेले बहुतेक खेळाडू ट्रेड करता येतात, तेव्हा पगार जुळवायला माल वाढतो, आणि जानेवारीत कुणाला तरी दुखापत होते, कुणी तरी आठ मॅच हरतं, घाई असलेला ग्राहक तिथून येतो. मी जीएम (टीमचा जनरल मॅनेजर) असतो तर तोपर्यंत दोन कामं केली असती. एक, गुपचूप एकाच घराशी बोलायचं नाही. यंदा फेब्रुवारीत डॅलसने आपला स्टार लुका डोन्चिच लेकर्सना तसाच दिला, एकाच टीमशी कुजबुज, आणि हातात आला वयाच्या बत्तिसाव्या वर्षाला टेकलेला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि फक्त एक फर्स्ट राउंड पिक. डेव्हिस पहिल्याच मॅचला जायबंदी झाला. नंतर १.८ टक्क्यांच्या संधीवर लॉटरी लागून पहिल्या नंबरच्या पिकवर कूपर फ्लॅग आला, पण लक्षात घ्या, तो आला कारण तो पिक डॅलसचा स्वतःचा होता. मिलवॉकीला तर तेवढं नशीबही उघडायला कुलूप लावलेलं आहे.

दुसरं काम, पोर्टलंडला फोन. स्पर्सला नाही, आधी पोर्टलंडला. आमचे २०२८, २९, ३० परत द्यायला काय घ्याल? हा एक आकडा हातात आला की मग सॅन अँटोनिओशी बोलताना मी चार पिक मागणारच नाही, मी म्हणेन कॅसल द्या, हार्पर द्या, अटलांटाचा २०२७ द्या, पगाराला व्हॅसेल चालेल, केल्डन तुमच्याकडेच ठेवा, आणि पोर्टलंडला जे काय पाहिजे ते तुम्ही तुमच्या खिशातून भागवा, म्हणजे तीन टीमचा ट्रेड. हार्परवर अडले तर अटलांटाच्या पिकसोबत २०३१ चा अनप्रोटेक्टेड लावा आणि पोर्टलंडचा भाग काही झालं तरी सोडू नका.

तुम्ही हाच ट्रेड तिसरी टीम घालून पगारासकट परत मांडा, आकडे तुमचे चांगले असतात. पोर्टलंडकडे नक्की काय जाईल तिथे मी स्वतः अडलोय. माझ्या वहीत तिथे अजून प्रश्नचिन्हच आहे.